कोऱ्या चकतीचं बलुतं

थोरली आत्या गेल्यावर तिच्या ३८ कॅसेटी माझ्याकडे आल्या. जमीन, भांडीकुंडी, दोन पाटल्या यांच्या वाटण्या रीतसर झाल्या. कॅसेटींना कुणी हात लावला नाही, कारण त्या वाजवायला कुणाच्याच घरात यंत्र उरलं नव्हतं. २००४ च्या डिसेंबरात मी दादाकडे कॅनडात, मिसिसागाला गेलो, तेव्हा त्या स्वेटरांच्या घड्यांत घालून नेल्या. दादाच्या तळघरात एक जुना, चांगला डेक होता आणि तो त्याने संगणकाला जोडून ठेवला होता. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या सीडींवर उतरवायच्या, असा बेत होता. एका तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो, त्याला आडवाट नाही. बाहेर बर्फ पडत होता, आत आत्या दळत होती, आणि वहिनी दर कॅसेटीला एक या हिशेबाने चहा आणून ठेवत होत्या.

कोऱ्या सीडी आणायला आम्ही दोघं गेलो. सुट्या घेण्यापेक्षा शंभराचा डबा स्वस्त पडतो म्हणून डबाच घेतला. गाडीत बसल्यावर दादा म्हणाला, "यातले एकवीस डॉलर गाणाऱ्यांचे."

"कुठल्या गाणाऱ्यांचे?"

"ते नाही सांगता येत. गाणाऱ्यांचे, एवढंच."

मी बिल पुन्हा उलगडून पाहिलं. त्यावर असलं काही नव्हतं. असणारही नव्हतं, कारण ही रक्कम दुकानदार घेत नाही. सीडी बनवणारा किंवा बाहेरून आणणारा ती आधीच भरतो आणि किमतीत मिसळून टाकतो. कॅनडाने १९९७ साली कॉपीराइटचा कायदा बदलला आणि स्वतःपुरती गाण्याची नक्कल करायला मोकळीक दिली. त्या मोकळिकीच्या बदल्यात कोऱ्या कॅसेटी आणि कोऱ्या सीडींवर वसुली बसवली. पहिले दर डिसेंबर १९९९ मध्ये ठरले. आम्ही डबा घेतला त्या वेळी दर सीडीला २१ सेंट होते. गीतकार, संगीतकार, गायक, वादक आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्या संस्थांनी मिळून काढलेली एक संस्था हे पैसे गोळा करते आणि वाटते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी." ओवी कुणी रचली, कुणाला ठाऊक? आत्याला ती तिच्या आजेसासूकडून आली, आजेसासूला आणखी कुणाकडून. त्या ओवीला मालक नाही, कंपनी नाही, करारनामा नाही. ती माझ्याच आत्याच्या आवाजात मी माझ्याच घरच्यांसाठी उतरवून घेणार, आणि त्यासाठी पैसे भरायचे ते मिसिसागाच्या रेडिओवर दिवसभर वाजणाऱ्या कुणा अनोळखी गायिकेला!

दादाने गाडी सुरू केली. "तू कधीपासून संन्यासी झालास? साताऱ्यात कॅसेटी कोण भरून घ्यायचं?"

मी गप्प बसलो, कारण मीच भरून घ्यायचो.

ज्यांचं तरुणपण १९८० ते १९९५ च्या दरम्यान गेलं, त्यांना 'कॅसेट भरून घेणं' म्हणजे काय ते सांगायला नको. वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची आणि दुकानात जायचं. दुकानदार पहिला प्रश्न विचारायचा, "साठची की नव्वदची?" नव्वदची फीत पातळ, ती गुंतायची, म्हणून शहाणा माणूस साठचीच घ्यायचा. एका बाजूला जेमतेम सात-आठ गाणी. शेवटचं गाणं बहुतेक वेळा मधेच तुटायचं, आणि पुढे कित्येक वर्षं ते गाणं आपल्याला तुटलेलंच पाठ असायचं. रेडिओवर ते पूर्ण लागलं की तुटायच्या जागी कान आपोआप थबकायचा. दुकानदार कोऱ्या कॅसेटीचे पैसे घ्यायचा, भरण्याचे घ्यायचा. ज्याने चाल लावली, जिने गळा झिजवला, त्यांच्यापर्यंत त्यातला छदाम जात नव्हता, आणि तो जायला हवा असं मला एकदाही वाटलं नाही. कॅसेटवाल्यालाही नसावं. तो गाण्याचा मोठा दर्दी होता. यादीत एखादं टुकार गाणं दिसलं तर ते खोडून आपल्या पसंतीचं भरायचा.

पुढे त्या गाण्यांचा कंटाळा आला की कॅसेटीच्या मागच्या कडेच्या भोकांवर सेलोटेप चिकटवायची आणि त्याच फितीवर आत्याचं दळण टेप करायचं. आत्याच्या ३८ कॅसेटींपैकी खरोखर कोऱ्या घेतलेल्या किती होत्या, हे आता सांगता यायचं नाही. अर्ध्याअधिक तरी अशा दुसऱ्या बारशाच्या होत्या.

तेव्हा माझ्या संन्यासाचं राहू द्या. प्रश्न असा, की हा एकवीस सेंटांचा प्रकार न्यायाचा आहे का? दादाचं मत होतं, नाही. तो फोटो साठवायला, ऑफिसची कामं उतरवून ठेवायला सीडी वापरायचा, आणि दर वेळी गाण्याचे पैसे भरायचा. तिथल्या कॉपीराइट मंडळाने दर ठरवताना सगळ्या सीडींवर गाणीच भरली जातात असं धरलेलं नव्हतं, गाण्यासाठी वापर किती होतो याचा अंदाज बांधूनच रक्कम काढली होती. म्हणजे संन्यासी किती आहेत हे मोजून दोर तेवढा सैल केला, पण अडकवला सगळ्यांच्याच गळ्यात. माझंही मत तेव्हा दादासारखंच होतं. ते बदललं ते या प्रकाराचा उगम वाचल्यावर.

तो उगम पश्चिम जर्मनीत आहे. १९५० च्या दशकात तिथे ग्रुंडिगसारख्या कंपन्यांचे टेपरेकॉर्डर घरोघरी जाऊ लागले. संगीतकारांच्या वतीने पैसे गोळा करणारी 'गेमा' ही संस्था न्यायालयात गेली. १९५५ साली निकाल लागला की घरात गाणं टेप करायलाही परवानगी हवी, कारण जुन्या कायद्यातली स्वतःपुरती नक्कल करण्याची सवलत हाताने उतरवून घेण्याच्या काळातली आहे, ती या यंत्रासाठी नाही. निकाल तर मिळाला, पण परवानगी न घेता कोण टेप करतंय हे कळणार कसं? मग गेमाची मागणी आली की टेपरेकॉर्डर विकताना गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघा आणि नाव-पत्ता आम्हाला कळवा. १९६४ साली न्यायालयाने ही मागणी फेटाळली. लोकांच्या घरात कोण काय वाजवतंय, काय टेप करतंय हे तपासायला दाराआड शिरता येणार नाही. पैसे हवे असतील तर ज्याने यंत्र बनवून विकलं आणि नफा कमावला, त्याच्याकडे बघा. त्यातूनच १९६५ चा कायदा आला आणि टेपरेकॉर्डरच्या किमतीतला थोडा भाग, जास्तीत जास्त ५ टक्के, संगीतकारांसाठी बाजूला निघू लागला. कोऱ्या फितींवर तो १९८५ साली आला.

जर्मनीत १९६४ साली हा निकाल लागला, याचा अर्थ लक्षात घ्यायला हवा. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळवायचं, या रिवाजातून तो देश वीसेक वर्षांपूर्वीच बाहेर पडला होता. भिंतीपलीकडच्या अर्ध्या देशात तो अजून चालूच होता. अशा ठिकाणी न्यायालय म्हणालं, दार बंद राहू द्या. हिशेब थोडा चुकला तरी चालेल. कोरी फीत घेणाऱ्या प्रत्येकाकडून थोडे पैसे घेणं म्हणजे, माझ्या लेखी, बंद दाराचं भाडं आहे. आत मी ओवी भरतो की सिनेमाचं गाणं, हे विचारायला कुणी येत नाही, आणि न विचारण्याचे एकवीस सेंट. एवढं कळल्यावर तो दर मला महाग वाटेना.

आपल्याकडे न मोजता देण्याची रीत जुनीच. सुताराने वर्षात किती नांगर नीट केले, न्हाव्याने किती डोकी भादरली, याचं बिल कुणी करत नव्हतं. सुगी झाली की खळ्यावर रास पडायची आणि ज्याचं त्याचं बलुतं ज्याला त्याला जायचं. ज्याचा नांगर वर्षभर मोडलाच नाही तोही सुताराला बलुतं द्यायचा. तो काही संन्यासी म्हणून वेगळा निघत नव्हता. कोऱ्या चकतीवरची वसुली मला या जातीची वाटते. गाणं गावात आहे, तुम्ही गावात राहता, तेव्हा सुगीला थोडं बाजूला काढा.

पण बलुत्याची उपमा इथेच ठेवून पुढे जाता येत नाही. त्या राशीपाशी कोणाला किती मिळायचं, कोण पुढे उभा आणि कोण लांब, कोणाच्या पदरात पसाभर धान्य फेकलं जायचं आणि ते घेऊन त्याने वर्षभर काय काय राबायचं, हे जातीने ठरवलेलं होतं. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव उगाच दिलं नाही. अन्याय रास गोळा करण्यात नव्हता, तो वाटण्यात होता. आणि मिसिसागाच्या तळघरात आत्याच्या तेराव्या की चौदाव्या कॅसेटीपाशी माझी खरी कुरबूर तिथेच येऊन थांबली. घेताना डोळे मिटलेले चालतील. वाटताना तेच डोळे मिटून कसं चालेल?

कॅनडातली रास कशी वाटतात पाहा. रेडिओवर काय वाजलं, दुकानात काय खपलं, त्याच्या नमुन्यांवरून वाटणी होते. सगळ्यात मोठा हिस्सा गीतकार-संगीतकार आणि त्यांचे प्रकाशक यांचा. हे लोक परदेशातले असले तरी पात्र ठरतात. पण गायक, वादक आणि रेकॉर्ड काढणारी कंपनी यांना हिस्सा हवा, तर ते कॅनडाचेच असायला हवेत. म्हणजे टोरांटोच्या आसपासच्या मराठी घरांत गणपतीला, दिवाळी पहाटेला ज्या सीडी एकमेकांकडून उतरवून घेतल्या गेल्या, त्यातल्या गायिकेला या २१ सेंटांतून काही नाही. संगीतकाराला तत्त्वतः मिळू शकतं, पण तिथल्या रेडिओवर भावगीत वाजल्याशिवाय नमुन्यात ते यावं कसं? आणि आत्या तर कुठल्याच रकान्यात नाही.

त्या कायद्याची एक गंमत वहिनींना फार आवडली होती. माझ्याकडची गाण्याची सीडी मी नक्कल करून वहिनींना दिली तर ते उल्लंघन. पण तीच सीडी मी त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी स्वतः बटण दाबून आपल्यापुरती नक्कल केली, तर सगळं कायदेशीर. "मग तुम्ही फक्त सीडी द्या, बटण मी दाबते," असं म्हणून त्यांनी चहाचे कप बाजूला ठेवले होते.

समजा, आपल्याकडे १९८५ साली कोऱ्या कॅसेटीवर चार आणे बसवले असते, तर? साताऱ्याच्या त्या दुकानातूनसुद्धा वर्षाला बरी रक्कम निघाली असती. पण ती गेली कुठे असती? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर हक्क निर्मात्याचा. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात काहीच जागा नाही, याबद्दल हळहळ व्यक्त करणारी टिपणी जोडली होती. गायक-वादकांना आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क मिळाला तो थेट १९९४ च्या दुरुस्तीने. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हिस्सा करारात सही करूनही सोडून देता येणार नाही, ही तरतूद यायला २०१२ उजाडलं. म्हणजे माझे १९८५ चे चार आणे निर्मात्याच्या आणि कंपनीच्या खात्यात सुखरूप पोचले असते. ज्या गळ्यासाठी मी ते दिले असते, त्याला त्या कॅसेटीएवढाच त्यांचा पत्ता लागला असता. आपल्या कायद्यात खासगी वापराला सवलत आहे आणि कोऱ्या माध्यमांवर वसुली नाही. यात शहाणपण होतं की आळस, कोण जाणे, पण निदान त्या काळात कलावंतांच्या नावावर दुसऱ्यांचे खिसे भरले गेले नाहीत.

अशा वसुलीला इंग्रजीत 'लेव्ही' म्हणतात, आणि हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. लेव्हीचं धान्य, लेव्हीची साखर हे जुन्यांना आठवत असेल. पण मला जवळची वाटते ती माथाडी मंडळाची लेव्ही. १९६९ च्या माथाडी कायद्यामागेही अडचण अशीच होती, की हमाल दिवसभरात दहा व्यापाऱ्यांचं ओझं उचलतो, मग त्याचा मालक कोण? भविष्यनिर्वाह निधी कुणी भरायचा? तोड अशी निघाली की ज्याने माल उचलून घेतला त्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने ती हमालाच्या नावावर जमा करायची. गाण्याचंही तसंच आहे. एक गळा, हजार घरं, मालक कुणीच नाही. फरक एवढाच की माथाडीच्या वहीत नाव असतं, टोळी असते, दिवस असतो. कोऱ्या सीडीच्या वहीत नमुना असतो.

युरोपात यावर बरीच डोकेफोड झाली आहे. फ्रान्सने आपल्या १९८५ च्या कायद्यातच ठरवून टाकलं की जमणाऱ्या रकमेचा चौथा हिस्सा, २५ टक्के, कुणाच्याही खात्यात न घालता नवी निर्मिती, रंगमंचीय कार्यक्रम, कलावंतांचं शिक्षण यांवर खर्च करायचा. ऑस्ट्रियात निम्मी रक्कम कलावंतांच्या सामाजिक आणि सांस्कृतिक संस्थांना जाते. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. आम्हाला नेमका हिशेब लागत नाही, तेव्हा लागल्याचं सोंग तरी करत नाही, असं म्हणण्यासारखं ते आहे. स्पेनमध्ये पदावन नावाच्या एका विक्रेत्याचा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. २०१० साली तिथे ठरलं की कंपन्या आणि व्यावसायिकांकडून ही वसुली सरसकट करता येणार नाही. साध्या माणसाकडून मात्र त्याने खरोखर नक्कल केली हे सिद्ध न करताही ती करता येईल, तो नक्कल करू शकतो एवढं पुरे. पुढे स्पेनच्या सरकारने वसुलीच बंद केली आणि भरपाई सरकारी तिजोरीतून देऊ केली. २०१६ साली तेही न्यायालयाला पटलं नाही. तिजोरीत तर सगळेच भरतात, जे नक्कल करूच शकत नाहीत अशा कंपन्याही. २०१७ साली जुनी वसुली परत आली. आपल्याकडे राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं ते तिजोरीतूनच. त्यासाठी दाखला, शिफारस, कागद जोडत हिंडणारा एखादा ढोलकीवाला आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो.

आम्ही तळघरात बसलो होतो त्याच आठवड्यांत, १४ डिसेंबर २००४ ला, कॅनडाच्या संघीय अपील न्यायालयाने आणखी एक निकाल दिला होता. कॉपीराइट मंडळाने आयपॉडसारख्या यंत्रांवरही साठवणक्षमतेप्रमाणे २ ते २५ डॉलरपर्यंत वसुली बसवली होती. न्यायालय म्हणालं, कायद्यात 'माध्यम' लिहिलंय, आयपॉड हे यंत्र आहे. ती वसुली रद्द झाली. दादाने आदल्याच वर्षी आयपॉड घेतला होता, त्यामुळे त्या संध्याकाळी घरात थोडं सणासारखं वातावरण होतं. मला तेव्हा त्या निकालाचं महत्त्व कळलं नाही. गाणी चकत्या सोडून यंत्रात चालली होती, आणि वसुली चकत्यांपाशीच थांबली होती. पुढे चकतीही गेली. आता गाणं कुणी उतरवून घेतच नाही, ते दर वेळी कुठून तरी वाहत येतं.

या वाहत्या गाण्याचा हिशेब मात्र पक्का. रात्री अडीच वाजता मी कुठलं गाणं ऐकलं, कितव्या सेकंदाला बंद केलं, हे माझ्या बायकोला माहीत नाही, पण फोनला माहीत आहे. १९६४ साली जर्मन न्यायालयाने जे दार बंद ठेवलं, ते आपण महिन्याचे पैसे भरून सताड उघडून दिलंय. मग निदान वाटणी तरी चोख व्हावी? बहुतेक ठिकाणी ती अजून राशीचीच आहे. सगळ्यांची वर्गणी एकत्र, आणि एकूण ऐकण्यात ज्याचा वाटा मोठा त्याला मोठं माप. मी महिनाभर फक्त एका जुन्या कीर्तनकारांचं कीर्तन ऐकलं, तरी माझ्या वर्गणीतला मोठा भाग मी कधी न ऐकलेल्या गाण्यांकडे जातो. एवढी पाळत ठेवूनही खळ्यावरची रांग तीच. त्यापेक्षा ते २१ सेंट बरे होते. ते घेताना निदान माझ्याकडे कुणी टक लावून बघत नव्हतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून अधिक. ओवीला कर्ता नाही म्हणून त्यांनी काम सोडून दिलं नाही. गाणारीचं नाव, तिचं गाव वहीत लिहिलं. त्यातून पैसे किती निघतात हा प्रश्न वेगळा, पण वही अशी असते. आत्याच्या सीडींवर मीही मग तसंच लिहिलं. आत्याचं नाव, गाव, अदमासे साल. ३८ कॅसेटींना ३८ सीडी लागल्या, उरलेल्या ६२ दादाने फोटोंना वापरल्या आणि त्यांचे १३ डॉलर २ सेंटही गाणाऱ्यांना गेले.

सात नंबरच्या सीडीवर एक ओवी संपते, जात्याची घरघर थांबते, आणि पुढची ओवी सुरू व्हायच्या आधी अकरा सेकंद एक जुनं सिनेमातलं गाणं ऐकू येतं. साताऱ्याच्या दुकानात भरून घेतलेलं, पुसायचं राहिलेलं, अर्ध्या शब्दात सुरू होऊन अर्ध्या शब्दात तुटणारं. दादाने विचारलं होतं, काढून टाकू का? मी म्हटलं, राहू दे, याचे पैसे भरलेत आपण.